धोंडूमामांची राई

शाळा सुटली की धोंडूमामा बादली घेऊन फाटकात आडवे उभे राहायचे. प्रत्येक मुलाच्या बाटलीतलं उरलेलं पाणी ओतून घेतल्याशिवाय कुणाला सोडत नसत. "टाकू नुको रं. राईत तुझं झाड तान्हेलं हाय," म्हणायचे. रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर असलेल्या आमच्या शाळेत ते शिपाई होते आणि मी विज्ञानाची बाई. पण मुलांना विचाराल तर शाळेतले खरे गुरुजी तेच.

गावदेवीच्या राईतली निम्मी झाडं कधीच तोडली गेली होती. तिथे मुलांच्या हातून ऐन, किंजळ, जांभूळ लावायचा ध्यास मामांचाच. आधी चपला बाहेर, मग देवीला हात जोडून गाऱ्हाणं, मग खड्डा. माझं वेळापत्रक ते खुशाल गुंडाळून ठेवत. "बाई, तुमचा तास उद्या बी व्हईल." तीन वर्षांत रोपं मुलांच्या कमरेला आली.

भाताच्या रोपांचा तरवा पेरण्याआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, ती भाजावळ. वारा पडलेला असताना, सकाळीच ती करावी, असं मामाच गावाला बजावत. त्या वर्षी वार्षिक परीक्षेमुळे त्यांच्या सगळ्या सकाळी शाळेत गेल्या. एका दुपारी त्यांनी राईलगतच्या आपल्या शेतात घाईने भाजावळ पेटवली, खारा वारा उठला आणि आग बांध ओलांडून राईत शिरली. मुलांची सगळी रोपं जळाली.

दुसऱ्या दिवशी ते सातवीच्या वर्गात आले आणि मुलांसमोर हात जोडून उभे राहिले. "आग माज्या भाजावळीची. दुसऱ्या कोनाचं नाव घेव नुका."

सानिका रडत म्हणाली, "मामा, जूनमध्ये परत लावूया."

"लावा गो बाय. मी कोनच्या तोंडानं देवीच्या दारात येव?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. मे महिन्यात मामांनी अंथरूण धरलं. त्यांच्या सुनेने निरोप आणला, "राईत कायतरी जगलंय का, बाईंना इचार म्हनतायत." मी बघून सांगते म्हटलं आणि गेले नाही. महिनाअखेर मामा गेले.

जूनमध्ये नवी रोपं घेऊन आम्ही राईत गेलो. सानिकाने एक जळकं खोड उपटायला धरलं आणि तशीच थांबली. बुंध्याशी कोवळी पानं होती. मग शेजारच्या ऐनाला दिसली, पलीकडच्या किंजळीला दिसली. मुलं नाचायला लागली आणि मी तिथेच मातीत बसून रडले. वरचं खोड जळलं तरी ही झाडं मुळातून फुटतात, हे दरवर्षी मीच फळ्यावर लिहून शिकवते. मामांना तेवढंच हवं होतं, आणि ते मला येत होतं.