एक्केचाळीस फोनांच्या ताई

फोन हातात दिला की ताई तो आधी चिमटीत धरायच्या, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा. मग खिडकीकडे वळून काच तिरपी करायच्या. काचेवर बोटांचा तेलकट माग दिसायचा. त्या मागावरून त्या आपलं बोट फिरवायच्या आणि फोन उघडायचा. समोरचा ड्रायव्हर बघतच राहायचा.

"आदी पुस, मंग बोल," त्या म्हणायच्या. "मला उघडता आला, तर चोराला किती वेळ लागंल?"

आमचं ऑफिस उरणजवळ. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर उचलायचे, गोदामांपर्यंत पोचवायचे, कधी गोदामातून पुढे न्यायचे, हा धंदा. कुठली गाडी कुठल्या मालावर पाठवायची ते मी बघतो. ताई मुळात बिलं करायच्या. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या शेठनी सगळ्या ड्रायव्हरांना कंपनीचे फोन घेतले, यार्डात कंटेनरचे नंबर आणि सील टिपायला टॅब आणले, आणि ताईंना म्हणाले, "तुम्हाला टायपिंग येतं ना, मग हे तुम्हीच बघा." एवढीच त्यांची नेमणूक. ना पद, ना पत्र.

तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. बाजूच्याच गावातल्या, आगरी घरातल्या. वडिलांनी मिठागरात जन्म काढलेला. ऑफिसात आमच्यासारखंच बोलायच्या, पण शिसारी आली की घरची भाषा तोंडात यायची. आणि शिसारी त्यांना रोज यायची.

येणार नाही तर काय? तुम्ही दहा माणसांचे फोन एकदा हातात घेऊन बघा. चार्जिंगच्या भोकात तंबाखू, कव्हरच्या आत चुना, काचेवर गुटख्याचे शिंतोडे. एका फोनच्या कव्हरखाली त्यांना सुकटीचं शेपूट सापडलं होतं. ही झाली बाहेरची घाण. आतली त्याहून वाईट. कुणाच्या फोनमध्ये रमीचे अकरा खेळ, कुणाच्या फोनमध्ये कर्ज देतो म्हणून सगळ्या गावाचे नंबर चोरणारी ॲप, आणि बहुतेकांच्या फोनमध्ये ते व्हिडिओ. ताई ते दिसले की काही बोलायच्या नाहीत. एकदा फक्त एकाला म्हणाल्या, "ही कंपनीची वस्तू हाय. हिच्यावर आपल्या मालाचा कोड येतो. ते दुसरं तुझ्या घरच्या फोनवर कर."

दर शनिवारी दुपारी जेवणाआधी सगळे फोन त्यांच्या टेबलावर यायचे. जे गाडीवर असतील त्यांचे सोमवारी. शेठचा धरून एक्केचाळीस. एका फुलस्केप वहीत त्यांनी रकाने आखले होते: कुणाचा, अपडेट कधी केला, पासवर्ड कधी बदलला. शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘घाण’. त्यात त्या काय काढून टाकलं ते लिहायच्या, एका शब्दात. रमी. कर्ज. रमी. इतर.

सोपान नावाचा जालन्याकडचा ड्रायव्हर होता, आमच्याकडचा सगळ्यात जुना. त्याला या शनिवारचा भारी कंटाळा. फोन मस्त चालतोय, कशाला त्याला छेडता, असं तो दर वेळी विचारायचा. ताईंनी त्याला एकदा शांतपणे सांगितलं, "कुलूप चांगलंच आहे रे. पण त्याची चावी बाजारात मिळायला लागली. फोनची कंपनी फुकट नवं कुलूप धाडते आणि तू ते दारातच पाडून ठेवतोस." सोपानला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तो फोन देत राहिला. पुढे एकदा पोचवलेल्या कंटेनरची कड चेपलेली निघाली आणि मालवाल्या पार्टीने त्याच्यावर आळ घेतला. तेव्हा ताईंनी दोन मिनिटांत बंदरातून बाहेर पडतानाचा फोटो शोधून दाखवला. कड तेव्हाच चेपलेली होती. ड्रायव्हरने काढलेला प्रत्येक फोटो आपोआप ऑफिसात येऊन पडेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. आम्हाला कुणाला ते माहीतही नव्हतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगताना मला माझीच किळस येते. ऑफिसातल्या आम्हा चौघांना एकदा सुचलं की ताईंचं तोंड कसं होतं ते बघू. एका फोनला आम्ही एक घाणेरडा फोटो वॉलपेपर म्हणून लावला आणि तो फोन ढिगात सरकवला. ताईंनी फोन उघडला. बघितलं. आम्ही चौघंही कागदांत डोकी घालून होतो, पण माझे खांदे हलत होते. त्यांनी तो फोटो काढून टाकला, काच पुसली, फोन खाली ठेवला आणि वहीत लिहिलं, ‘वॉलपेपर बदलला’. मग पुढचा फोन घेतला. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही, एवढं मला दिसलं होतं.

एक्केचाळीसांपैकी एक फोन मात्र त्यांच्या टेबलावर कधीच आला नाही. शेठचा. ताई दर शनिवारी केबिनच्या दारात जाऊन मागायच्या. शेठ हसून म्हणायचे की माझ्या फोनला काय होतंय, तो सगळ्यात महागाचा आहे. ताई परत यायच्या आणि शेठच्या नावापुढे लिहायच्या, ‘दिला नाही’. दोन वर्षं दर शनिवारी, ‘दिला नाही’.

गेल्या वर्षी शिमग्याच्या जरा आधीची गोष्ट. एका गोदामातून तांब्याच्या तारेचा कंटेनर उचलायचा होता. अशा मालाला एक कोड येतो, तो सांगितला की गोदामवाले माल सोडतात. कोड दोनच ठिकाणी यायचा, ड्रायव्हरच्या फोनवर आणि शेठच्या. गाडी सोपानची होती. तो गोदामावर पोचला तेव्हा गेटवरच्या माणसाने त्याला सांगितलं की तुझा कंटेनर दीड तासापूर्वीच गेला. तसलाच ट्रेलर, तोच नंबर रंगवलेला, आणि कोडही बरोबर. दोन दिवसांनी कंटेनर महामार्गाच्या कडेला सापडला. आत झाडून ठेवल्यासारखा रिकामा.

शेठनी पहिल्याच तासात निकाल दिला. कोड ड्रायव्हरने फोडला. सोपानला घरी बसवलं, त्याचा फोन काढून घेतला. सोपान गेटबाहेर दोन दिवस बसून होता. कुणी बोलवेल म्हणून वाट बघत होता. आम्ही त्याच्या समोरून चहाला जायचो आणि यायचो.

ताईंनी त्याचा फोन घेतला आणि सकाळपासून दुपारपर्यंत तपासला. त्यात काहीच नव्हतं. मग त्या केबिनमध्ये गेल्या आणि शेठचा फोन मागितला. त्या दिवशी शेठ घाबरलेले होते, त्यांनी दिला. मी तिथेच बसलो होतो, विमा कंपनीला लिहायच्या पत्राचा मजकूर घेत.

पाच मिनिटांत ताईंनी फोन शेठपुढे धरला. महिन्यापूर्वी कुणीतरी व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका पाठवली होती. शेठनी ती उघडली. ती पत्रिका नव्हतीच, ॲप होतं. फोनवर येणारा प्रत्येक मेसेज ते बाहेर पाठवत होतं. फोनला दोन वर्षांत एकही अपडेट नव्हता. पासवर्ड होता एक दोन तीन चार.

शेठनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले की ताई, हे काढून टाका आणि वहीत लिहा की हे सोपानच्या फोनमध्ये सापडलं. तो काय, दुसरीकडे लागेल. त्यांचा आवाज इतका साधा होता की जणू चहाला साखर कमी घाला म्हणत होते.

सोपानला दुसरीकडे कोण लावणार होतं? चोरीचा शिक्का बसला की बंदराचा पास जातो, आणि पास गेला की या पट्ट्यात ट्रेलरवर कुणी बसू देत नाही. हे शेठना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

ताई म्हणाल्या, "शेठ, दोन वर्सं मी लिवतेय, दिला न्हाय. त्याच्यावर आता काय लिवू?"

शेठ म्हणाले की वही नवीन करता येते.

"वही नवीन व्हईल," ताई म्हणाल्या. "मी न्हाय व्हनार." त्यांनी फोन बंद केला, तसाच टेबलावर ठेवला, यातलं काही काढू नका, पोलिसांना असाच दाखवा असं सांगितलं, आणि त्या बाहेर गेल्या.

शेठ माझ्याकडे वळले आणि पत्राचं पुढचं वाक्य सांगू लागले. सदर ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे. आणि मी ते टाइप केलं. तुम्ही विचाराल, का? माझी बोटं चालत होती, एवढंच आठवतं.

चार दिवसांनी विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला. फोनचं काम कोण बघतं, असं त्याने विचारल्यावर शेठनी माझं नाव सांगितलं. मी मान हलवली. ताई बाहेर त्यांच्या टेबलावर होत्या, काचेतून सगळं दिसत होतं. त्या उठल्या, आत आल्या, वही त्या माणसापुढे ठेवली आणि म्हणाल्या की काम मी बघते, हे वाचा. त्याने पान उलटलं, आणखी उलटलं. शेठच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून तो खाली खाली गेला. मग त्याने सगळ्या पानांचे फोटो काढले आणि शेठचा फोन मागितला. ॲप अजून त्यात होतंच, शेठना ते काढता आलं नव्हतं.

सोपान सुटला. तिसऱ्या दिवशी गाडीवर बसला. त्याला कुणी काही सांगितलं नाही, त्याला वाटलं शेठनी मोठं मन केलं. ताईंना मात्र सांगण्यात आलं की फोनचं काम आता बाहेरच्या एजन्सीला देतोय, तुम्ही मागच्या खोलीत जुनी बिलं लावत बसा. ताईंनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. हाताने, अडीच ओळींचा.

शेवटचा दिवस शनिवार होता. त्यांनी नेहमीसारखे सगळे फोन घेतले, पुसले, अपडेट केले. संध्याकाळी एक बंद लिफाफा माझ्या हातात दिला. त्यात सगळे पासवर्ड होते. लिफाफा मिळाल्याची माझी सही घेतली आणि म्हणाल्या, "सोमवारी हे सगळे बदलून घे. जी बाई इथे नाही, तिला माहीत असलेला पासवर्ड ठेवायचा नसतो." मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, बरं ताई.

एजन्सीचा माणूस दोनदा आला. लिफाफा माझ्या खणात राहिला. यार्डातल्या टॅबवर पुन्हा रमी आली. एक दिवस सोपान माझ्या खिडकीशी गेटपास घ्यायला उभा होता, म्हणाला, "ताई गेल्या ते बरंच झालं राव, लई कटकट होती." आणि मी हसलो. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, आणि मी हसलो.

यंदा मार्गशीर्षात मी मेहुण्याच्या घरी श्रीवर्धनला निघालो होतो. आगरदांड्याला फेरीबोटीत चढलो तर कठड्याशी ताई. बहिणीकडे चालल्या होत्या. केस जास्त पांढरे झालेले. त्यांनी माझ्या घरची खुशाली विचारली, मुलीचं काय चाललंय विचारलं. बोट सुटली. मग म्हणाल्या, "पासवर्ड बदललेस?"

मी म्हणालो, "हो ताई, तेव्हाच."

त्यांनी पिशवीतून आपला फोन काढून माझ्यापुढे धरला. आमचे सगळे फोन ऑफिसच्या ज्या खात्याला जोडलेले आहेत, त्यात कुणी नव्याने शिरलं की खात्री करायला एक कोड जातो. तो शेठच्या नंबरबरोबर आजही त्यांच्या नंबरवर जात होता. गेला मंगळवार. त्याआधीचा शुक्रवार. त्याआधीचा सोमवार. इतके महिने आमच्या धंद्याची चावी या बाईच्या पिशवीत पडून होती. ज्या ऑफिसने तिला मागच्या खोलीत टाकलं, त्याचं सगळं काही ती बसल्या जागी उघडू शकत होती.

त्या रागावल्या नाहीत. चेहऱ्यावर तीच शिसारी होती, पण ती आता कुठल्या फोनकडे नाही, माझ्याकडे बघून होती. ती मी घेतली. घ्यायलाच हवी होती.

"काढ तुझा फोन," त्या म्हणाल्या. "मधे गेल्यावर रेंज जाते. मी सांगते तसं दाबत जा."

मी दाबत गेलो. सेटिंग, सुरक्षा, नवा पासवर्ड, नंबर. एका ठिकाणी फोनने कोड मागितला. ताईंचा फोन वाजला. त्यांनी डोळे बारीक करून सहा आकडे एकेक करून वाचले, मी ते भरले. मग त्यांच्या नंबरपुढची फुली दाखवून त्या म्हणाल्या, "ही दाब."

मी त्यांच्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं की राहू द्या ताई, तुमचा नंबर राहू द्या, आम्हाला आधार वाटेल.

"दाब रे," त्या म्हणाल्या. "रेंज चाललीय."

मी दाबली. त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि त्या पलीकडच्या किनाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दिघीला बोट लागली तेव्हा आमच्या ऑफिसात त्यांचं काहीही उरलेलं नव्हतं.