तिले सांग

शेजारून अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास आला आणि अमरावतीत बसल्या बसल्या मला आमचं अकोल्याचं स्वयंपाकघर आठवलं. कॉलेजात असताना मी नवरा-बायकोच्या नुसत्या संवादांची एक कथा लिहिली होती. ती वाचून दाखवत होतो. बाबा जेवत होते, आई भाजी घोटत ऐकत होती.

"नवरा-बायको असे समोरासमोर बोलतेत काय?" आई हसली. मग मलाच म्हणाली, "बाबाले इचार, भाजी वाढू काय."

हातभरावर बसलेले बाबा मला म्हणाले, "तिले सांग, वाढ थोडीशी."

तेव्हा मला त्यांची कीव आली होती. आता दोघंही नाहीत. संवाद लिहायला बसलो की मी त्यांच्या मधे जाऊन बसतो आणि कोणी निरोप देतं का, याची वाट पाहतो.