शेजारच्या काकांची फ्रेंच बाई

वस्तू आधी उलटी करून मगच तिची ओळख करून घेणारा माणूस टेक्सासमधल्या अख्ख्या प्लेनोत एकच, आमचे शेजारचे काका. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर प्रसादाची वाटी हातात पडताच त्यांनी ती कलती करून तळ तपासला. शिरा घट्ट झाला होता म्हणून गालिचा वाचला! वर मलाच म्हणाले, "माणसाचं तोंड बघावं, भांड्याचं बूड. सही तिथेच असते."

सत्तरेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या छोट्या भट्ट्यांत कलावंतांनी हातानं घडवलेल्या मातीच्या मूर्ती जमवायच्या, हे त्यांचं वेड. बघायला येणाऱ्यानं अंगठ्या, घड्याळ उतरवायचं, हात धुवायचे. मग ओंजळीत मूर्ती अशी ठेवली जायची, जणू बारशाचं बाळ. त्यातली वीतभर उंचीची, कमरेवर हात ठेवलेली एक पांढरी बाई त्यांच्या खास मर्जीतली. "टवका नाही, डाग नाही!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी जमलेल्या बायकांना कुंकू लावलं आणि ओघात शेल्फावरच्या या बाईलाही लावलं. काका किंचाळले. काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, घरात बाई उभी आहे. तिला कसं वगळू?" वरच्या काचेसारख्या लेपाच्या, ग्लेझच्या, केसाएवढ्या चिरांत कुंकू मुरलं ते मुरलंच. पुढचे चार दिवस काका समोर बसलेल्या काकूंशी माझ्यामार्फत बोलत होते.

"तिला म्हणावं, चहा टाक."

"त्यांना म्हणावं, फ्रेंच बाईला सांगा."

काकूंना जाऊन आता वर्ष होईल. मुलीनं काकांना मिनेसोटात ईडन प्रेरीला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. तिथे त्यांना एकच खोली, म्हणून सगळा संग्रह विकायला काढला. ठरलेल्या दिवशी एक अमेरिकन संग्राहक आला, एकेक मूर्ती उलटी करून बघत पांढऱ्या बाईपाशी थांबला. हा डाग मी आत्ता काढतो, म्हणाला, आणि खिशातून बाटली नि कापूस काढला.

"सी बाबा, ही कॅन क्लीन इट!" मुलगी खूश झाली.

काका ताडकन उठले. हात न धुता त्यांनी बाईला उचललं आणि छातीशी धरलं. "इट इज नॉट अ डाग," ते म्हणाले. पुढे इंग्रजी आठवेना, तेव्हा माझ्याकडे वळले, "तुम्ही सांगा हो याला."

मला एवढंच सुचलं, "नॉट फॉर सेल, सर."

तो बाकीच्या मूर्ती घेऊन गेला. शनिवारी बापलेक निघाले. मुलगी ड्राइव्ह करणार होती. काकांनी शालीत गुंडाळलेली बाई पुढच्या सीटवर ठेवली आणि स्वतः मागे जाऊन बसले.

"बाबा, तुम्ही पुढे बसा ना. ती राहील मागे."

"नको. मागे बसलं की गाडी लागते," काका म्हणाले.

गाडी लागायची ती काकूंना. मुलीनं आरशातून एकदा बापाकडे बघितलं. मग ती वाकली आणि तिनं शेजारच्या सीटचा पट्टा ओढून नीट लावला.