काशाची वाटी आणि बरे झालेले पाय

माझे पाय सव्वा महिन्यात बरे झाले, आणि ही गोष्ट मी माझ्या लेकीपासून तीन महिने लपवून ठेवली.

झालं असं, की शेत बटईनं दिलं आणि मी वडीगोद्रीच्या घरी दिवसभर बाजेवर बसायला लागलो. दिवाळीनंतर पाय गार पडले, मुंग्या यायला लागल्या. अंबडचे डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काम न्हाई, रक्त पायापर्यंत नीट फिरून न्हाई राह्यलं. तंबाखू सोडा, चाला, पाय हलवा. (तंबाखू सोडली. म्हणजे उशाखालून काढून बाजेखाली ठेवली.)

हे पुण्याला मनीषाला कळालं, माझ्या एकुलत्या लेकीला. तोवर तिचा फोन फक्त रविवारी, तोही दोन मिनिटं: जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. आता रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल! चालून आलात का, टाचा वीस वेळा उचलल्या का, कोमट पाण्यात पाय ठेवले का, सगळी हजेरी. शेवटी तिनं तिच्या आईची काशाची वाटी काढायला लावली. तळव्याला तूप लावायचं, आणि काळं येईस्तोवर वाटीनं घासायचं. फोन तांब्याला टेकवलेला, तळवे फोनकडं. मी घासायचो, ती तिकडं पोळ्या लाटत ऑफिसातल्या गमती सांगायची. तिच्या कुकरची शिट्टी माझ्या घरात वाजायची. तिची आई गेल्यापासून या घरात दुसऱ्या कुणाचा स्वयंपाक ऐकू आला नव्हता. खरं सांगतो, मी दिवसभर त्या शिट्टीची वाट बघायचो.

आणि नेमके पाय बरे झाले! ऊन भाकरीसारखे गरम. मुंग्या बिलकुल बंद.

"अण्णा, काही फरक?"

"कशाचा फरक! बर्फ आहेत बर्फ."

मंग तिनं माझ्या जेवणात लसूण वाढवायला लावला. भिंतीला पाय लावून उताणं पडणं आलं. मला तसं पडलेलं बघून शेजारची यमुनाबाई बोंब मारत दहा माणसं घेऊन आली. सगळ्यांना चहा पाजावा लागला. तरी मी हटलो न्हाई.

एक दिवस कॉल चालू असताना तुपाच्या वासानं गल्लीतलं कुत्रं आत आलं, आणि वाटी तोंडात धरून सुटलं. मनीषाच्या आईनं माहेराहून आणलेली वाटी! मी ओसरीवरनं उडी टाकली, तुपाच्या पायानं फरशीवर घसरलो, उठलो, आणि थेट मारुतीच्या देवळापर्यंत कुत्र्यामागं पळालो. वाटी घेऊन आलो, बाजेवर बसलो आणि धापा टाकत तळवे परत फोनकडं केले.

"हं. तर मुंग्या अजून हैतच."

तिकडं मनीषानं गॅस बंद केला.

"अण्णा, पाय कधी बरे झाले?"

"संक्रांतीच्या आधीच."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"पाय बरे झाल्यावर तू कशाला फोन करशील?"

ती रडली. मीही रडलो, पण फोनपुढं माझे तळवेच होते म्हणून वाचलो. मंग नाक पुसत म्हणाली, "इतके महिने मी नुसते तळवे बघून राह्यले, अण्णा. उद्या सातला तोंड दाखवा."

दुसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि पाच वाजल्यापासूनच फोनपुढं मांडी घालून बसलो. सातला तिचा चेहरा दिसला, आणि त्याच वेळेला माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या. खऱ्या! पण आता सांगून कोण विश्वास ठेवणार?