बेबीबाईच्या गाठीची बातमी

तांड्यावरच्या शाळेत खिचडी शिजवणारी बेबीबाई वाढताना प्रत्येक लेकराच्या तोंडाकडं बघायची. एखाद्यानं ताटात उरवलं, की "काहून रे, पोट दुखून राहिलं का?" म्हणून तिथंच थांबायची. मी त्याच शाळेत मास्तर होतो, निवृत्त होईपर्यंत मीही तिच्याच हातचं खाल्लं. त्या बाईला चुलीपासून उठवलं गेलं आणि तेही नुसत्या एका सैल तोंडामुळं.

तिच्या मानेला गाठ आली होती. सेनगावला तपासणी झाली, गाठीचा टीबी निघाला. छाती साफ होती. असा टीबी शिजवण्या-वाढण्यानं कुणाला होत नाही. नेमानं गोळ्या घेतल्या की बरा होतो. हे तिला समजावून सांगायचं काम आरोग्य कर्मचारी प्रमोदचं.

तांड्याची रीत अशी, की बाहेरून आलेल्यानं आधी नाईकांच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर टेकायचं, चहा घ्यायचा, कशासाठी आलो ते सांगायचं, मग कुणाच्या दारात जायचं. प्रमोदही टेकला. किसनसिंग नाईकांनी विचारलं, तसा भरल्या ओट्यावर सांगून मोकळा झाला, "बेबीमावशीला टीबी निघालाय." गाठीचा की छातीचा, तेही बोलला नाही. तो तिच्या दारी पोचला तेव्हा शेजारणींना सगळं ठाऊक होतं. तिला स्वतःला नव्हतं! दुसऱ्या दिवशी पोरं घरून डबे घेऊन आली. नाईकांच्या शब्दावर चालणाऱ्या शाळा समितीनं तिला घरी बसवलं.

मी प्रमोदला गाठलं.

"गुरुजी, नाईकांपासून काय लपवायचं? त्यांचा मान असतो," तो म्हणाला.

मान! 'एका घरी काम आहे' एवढं सांगितलं असतं, तर नाईकांचा मान कमी झाला असता? रोग्याचं दुखणं त्याला विचारल्यावाचून कुणाला सांगू नये, हे नोकरीच्या आधी शिकवतात. कायदाही तेच सांगतो. हिंगोलीतल्या एखाद्या बड्या घरच्या सुनेचा रिपोर्ट यानं असा ओट्यावर सांगितला असता का?

प्रमोद मनानं वाईट नाही. माझ्याबरोबर मुकाट्यानं बेबीबाईकडं आला.

"मावशी, चुकलं. आत्ता जातो आन नाईकांना सांगतो, गाठीचा हाय, पसरत न्हाई."

"थांब!" ती कडाडली. "पुन्हा मला न विचारताच निघाला? मान माझी, गाठ माझी, आन तोंड तुझं काहून? मीच सांगते. तू संगं ये, आन विचारीन तेवढंच बोल."

नाईकांच्या ओट्यावर बैठक भरली. अशा बैठकीत बाया मागं बसतात. बेबीबाई पुढं गेली आणि तिनं मानेवरचा पदर बाजूला केला.

"नाईक, ही बघा गाठ. प्रमोद, सांग, माझ्या हातचं खाऊन लेकरांना व्हतंय का?"

"न्हाई."

"श्वासातून?"

"न्हाई. तुमची छाती साफ हाय. हा आजार—"

"बस. आता गप."

मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नाईक खाली बघत म्हणाले, "उद्यापासून चूल पेटव, बाई."

"पेटवीन. पण माझं दुखणं पुन्हा तुमच्या ओट्यावर नको."

"मी विचारलं, म्हणून त्यानं सांगितलं."

"मग विचारू नका."

तिला काम परत मिळालं. सगळे म्हणतात, झालं ना नीट! मला ते गिळवत नाही. चारचौघांत मान उघडी करून दाखवायची पाळी त्या बाईवर आली. ती का आली, हे प्रमोदला कळलं. त्याच्या वरच्या साहेबांनी मात्र अजून साधी चौकशीही केलेली नाही.