पहिल्या रांगेतली माणसं

आमच्या घरात कुणी स्टेजवर जाणार असलं की आधी नमस्कारांची फेरी होते. ही पद्धत कुणी काढली कुणास ठाऊक, पण मला तिची मनापासून चीड आहे. सासरे, त्यांच्या दोघी बहिणी, कल्याणहून खास आलेल्या मावशी, सगळे पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसल्यासारखे बसतात. गाणाऱ्याने एकेकाच्या पाया पडत पुढे सरकायचं. प्रत्येकाच्या आशीर्वादासोबत एक सल्ला येतो, तो नको म्हणायची सोय नाही.

आणि वर ते वाक्य, ‘आपलीच माणसं आहेत, घाबरायचं काय?’ अहो, आपली आहेत म्हणूनच तर घाबरायचं. ऑफिसात अनोळखी लोकांपुढे मी बिनधास्त बोलते. घरच्या बारशाला माइक हातात दिला की मी तो शेजारणीकडे सरकवते. अनोळखी माणूस आपली चूक विसरून घरी जातो. लहानपणी वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत गणपतीसमोर गाताना मी दुसरं कडवं विसरले होते. ती गोष्ट अजून हळदीकुंकवाला निघते आणि सांगणारी हसून हसून डोळे पुसते.

गेल्या गुरुपौर्णिमेला माझ्या मुलीचं गाणं होतं. ती नववीत आहे. डोंबिवलीतल्या तिच्या क्लासने एका शाळेचा हॉल घेतला होता. मागच्या वर्षी तिचा आवाज इतका कापला की ती अर्ध्यातून उठून आली होती. या वेळी पुन्हा तसं झालं तर गाणं सोडणार, असं तिने मला सकाळीच सांगितलं. ती बोलते ते करते.

फेरी सुरू झाली. सासरे म्हणाले, “घाबरू नकोस.” थोरल्या आत्या म्हणाल्या, “मागच्या वर्षीसारखं करू नकोस हं.” धाकट्या आत्यांनी मोबाइल काढला. “काकाला अमेरिकेत लाइव्ह दाखवते, नीट गा.” मावशींच्या पाया पडून ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे हात गार पडले होते.

माझं डोकं फिरलं.

“बाबा, तुम्ही सगळे जरा उठा. शेवटच्या रांगेत जाऊन बसा. आणि तो मोबाइल बंद करा.”

“अगं, आम्ही तिच्यासाठीच आलोय ना?” सासरे म्हणाले.

“म्हणूनच सांगतेय.”

सुनेने असं चारचौघांत बोलायचं नसतं, हे मला कळतं. पण त्या दिवशी मला कुणाचीही पर्वा नव्हती. थोरल्या आत्या पुटपुटत उठल्या, बाकीचेही गेले. मी मुलीला जवळ घेऊन म्हटलं, “भीती वाटणारच, बाळा. ती जायची वाट बघू नकोस. श्वास हळूहळू सोड. पहिला सा हलला तर हलू दे, पुढे गात राहा.” इतकं शहाणपणाचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या बाजूने उभं राहणारं एक तरी माणूस आहे, म्हणून मी मनातून फुलून गेले होते.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग दाराकडे बघत म्हणाली, “आई, तू पण जा ना बाहेर.”

“मी? मी कुठे काय बोलले तुला?”

“तू ओठ हलवतेस. मी गाताना. पुढची ओळ तूच म्हणत असतेस. मागच्या वर्षी मला फक्त तेच दिसत होतं.”

तिचं नाव पुकारलं गेलं. मी रागातच बाहेर आले. इतके दिवस ज्यांच्या नावाने खडे फोडले ते सगळे आत बसले होते आणि मी चपलांच्या ढिगाजवळ उभी होते. दार लोटलं गेलं. तंबोरा सुरू झाला. तिचा सा लागला, हलला, पण ती थांबली नाही. बंदिशीची पहिली ओळ आली, आणि मी तोंडावर हात घट्ट दाबून धरला.