फ्लायरवरची बाई

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरातला ड्रायर बंद पडला, आणि तेव्हापासून माझ्याकडे किस्सेच साठतायत. कपडे काही वाळत नाहीत!

शेजारच्या मिस ओपल तिथेच भेटल्या. वय ऐंशी. त्यांची आजी शंभर वर्षांपूर्वी गावोगाव तंबूत खेळ करणाऱ्या कंपनीत ब्लूज गायची. ब्लूज म्हणजे दुःखाची गाणी, पण रडकी नव्हेत. माझं शिक्षण सातवी, इंग्रजी त्याहून कमी. म्हणून दुभाषी माझी पाच वर्षांची परी.

*

आजी आधी त्या कंपनीचे कपडे धुवायची. एका गावात मुख्य गायिका रुसून निघून गेली. मॅनेजर धावत आला, "तुला गाता येतं?"

"रोज ज्या बाईला 'गप्प बस' म्हणून ओरडता ना, तीच मी!"

*

एकदा हॉटेलवाल्याने काळी म्हणून खोली दिली नाही. दुसऱ्या दिवशी तोच पहिल्या रांगेत! वर म्हणतो, "तुझं गाणं ऐकून अंगावर काटा आला."

आजी म्हणाली, "मला काल रात्रीच आला. तुमच्या ओट्यावर."

मला काही नवल वाटलं नाही. माझे आजोबा जलशात डफावर गायचे. गाव वेशीपर्यंत येऊन माना डोलवायचं, आणि पाणी मात्र वरून ओतायचं. कलेची कदर म्हणतात ती हीच!

*

मॅनेजरच्या एका किश्शात शिवी होती. परीने ती जशीच्या तशी सांगितली.

"परी, हे शाळेत बोलायचं नाही हं!"

"बट आई, इट्स हिस्टरी!"

तेव्हापासून शाळेचा फोन आला की मी आधी 'सॉरी' म्हणते, मग 'हॅलो'.

*

पुढे आजीची रेकॉर्ड निघाली. कव्हरवर चित्र कुणा गोऱ्या, नाजूक बाईचं! काळा चेहरा खपत नाही म्हणे. मग रेकॉर्डच्या एका दुकानदाराने दुकानाच्या उद्घाटनाला गायला बोलावलं. आजीने निरोप धाडला, "चित्राला बोलवा."

*

आमच्या इथल्या मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमाला मिस ओपलनी आजीची गाणी म्हणावीत, असा मी हट्टच धरला. त्यांची अट एकच. आजीचा चेहरा आजवर कुठे छापला नाही, तो छापा. मी शब्द दिला. त्यांच्याकडचा एकुलता एक फोटो मंडळाची छपाई बघणाऱ्या काकांच्या हातात दिला, तीनदा बजावलं.

"तू फार टेन्शन घेतेस गं," काका म्हणाले.

काल कार्यक्रमाचा फ्लायर, म्हणजे जाहिरातीचं पत्रक, आला. आजीचं नाव, आणि वर नेटवरची कुणी गोरीपान बाई, हातात माईक!

"काका, हे काय?"

"अगं, तो फोटो फेड झालाय. जरा अट्रॅक्टिव्ह नको का? आणि आपण समतेवाले, आपण रंग बघत नाही!"

फ्लायर आणि परीला घेऊन मी खाली तळघरात गेले. मिस ओपलनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, फ्लायरची नीट घडी घातली आणि काहीतरी बोलल्या. मी परीकडे पाहिलं.

"आई, शी वॉन्ट्स अ सीट. फ्रंट रो."

तर मंडळी, पुढे सगळ्यांना सांगा. शनिवारी चार वाजता, मंडळाच्या हॉलमध्ये, फ्लायरवरची बाई गाणार आहे. मिस ओपल पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहेत.